स्पायवेअर काढला तरी परत येतो: मोरजीच्या मास्तरांचा कम्प्युटर तिसऱ्यांदा दुकानात आला तेव्हा

समस्या अशी. स्पायवेअर म्हणजे गुपचूप आत बसून आपली माहिती चोरणारा प्रोग्राम. तो काढून कम्प्युटर साफ केला, अँटिव्हायरसनं हिरवी टिक दाखवून 'काही सापडलं नाही' म्हणून सांगितलं, आणि आठ दिवसांत परत तेच. ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं, कोपऱ्यातून जाहिराती उगवतात, काही उघडलेलं नसताना पंखा गरगरतो, आणि आपल्या खात्यात दुसरं कुणीतरी वावरतंय असा संशय.

माझं गोव्यात म्हापशाला कम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. "त्या दिवशी काढलास ना, तो परत आला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शुक्रवारी बाजाराच्या दिवशी निदान एकदा तरी ते येणार हे गृहीतच धरतो. पूर्वी मी ठरलेलं उत्तर द्यायचो: परत आला नाही, तुम्ही नवीन घेऊन आलात. गिऱ्हाईक गप्प व्हायचं. मास्तरांच्या कम्प्युटरनं मला गप्प केलं, कारण तिथं तो खरंच परत येत होता आणि दोनदा मीच त्याला वाट करून दिली होती.

मास्तर मोरजीचे. पेडणे तालुक्यात मराठी प्राथमिक शाळांतून नोकरी केली, निवृत्तीनंतर घराच्या मागं चार खोल्या काढल्या आणि गेस्ट हाउस सुरू केलं. पाहुणे बरेचसे रशियन. कम्प्युटर एकच. त्यावर बुकिंग, त्यावर लाइट बिल, त्यावर नातवाचे गेम, आणि त्यावरच पाहुण्यांच्या पासपोर्टचे स्कॅन. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आम्ही सगळे त्याला सी फॉर्म म्हणतो. त्यामुळं किनारपट्टीवरच्या कुठल्याही गेस्ट हाउसच्या कम्प्युटरमध्ये पासपोर्ट आणि व्हिसाचा एक फोल्डर असतोच. मास्तरांच्या फोल्डरचं नाव 'पाहुणे'. आत वर्षवार, महिनावार, खोलीवार. हजेरीपट ठेवावा तसा नीट लावलेला. चोरालाही शोधाशोध करावी लागणार नाही इतका नीट.

पहिल्यांदा आले तेव्हा नुसत्या जाहिराती होत्या. मी स्कॅन केला, दोन टूलबार उडवले, तीनशे रुपये घेतले. दुसऱ्यांदा आले तेव्हा फॉरमॅट मारला. तिसऱ्यांदा ते शिवोलीचा पूल ओलांडून स्कूटरवर सीपीयू पायांत धरून आले आणि काउंटरवर ठेवत म्हणाले, "अरे, पैशाचं राहू दे. काल एक बाई दारात उभी राहून रडली."

त्या बाईला मोबाईलवर मेसेज आला होता, मास्तरांच्या गेस्ट हाउसच्या नावानं, बुकिंगच्या खात्यातूनच. बुकिंग पक्कं राहावं म्हणून कार्डाची माहिती पुन्हा भरा. तारीख बरोबर, खोली बरोबर, रक्कम रुपयापर्यंत बरोबर. तिनं भरली. पैसे गेले. मास्तरांना त्यातला एक पैसा मिळाला नव्हता आणि असा मेसेज त्यांनी लिहिलेलाही नव्हता.

"माझा पासवर्ड कुणाला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "घरातही नाही."

"मास्तर, पासवर्ड लागलाच नसेल," मी म्हटलं. ते कसं, ते खाली सांगतो.

आधी ठरवा, हा स्पायवेअर आहे का

दुकानात 'व्हायरस' म्हणून येणाऱ्या बऱ्याच केसेसमध्ये व्हायरस नसतोच. उजव्या कोपऱ्यात 'तुमचा कम्प्युटर धोक्यात आहे' अशा चौकटी येतात, त्या बहुतेकदा ब्राउझरच्या नोटिफिकेशन असतात. कधीतरी एखाद्या साइटनं 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' म्हटलं आणि आपण दाबलं, एवढंच. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम, आणि त्यासाठी कुणी फॉरमॅट सांगत असेल तर दुकान बदला.

हे करूनही सर्चचं पान परत बदलत असेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, बघा. क्रोमचा तीन ठिपक्यांचा मेनू उघडल्यावर खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय का? ऑफिसच्या लॅपटॉपवर ते असायचंच. घरच्या कम्प्युटरवर दिसलं तर विचार करावा लागतो. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी, म्हणजे क्रोमवर लादलेला नियम, टाकतात, म्हणून लगेच घाबरू नका. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप केलं की कुठली पॉलिसी कुणी लावली ते दिसतं. तिथं एखादं एक्स्टेन्शन सक्तीनं बसवायची ओळ असेल, तर तुम्ही ते कितीदाही काढा, क्रोम ते दर वेळी इमानदारीनं परत बसवणार. ती ओळ रजिस्ट्रीतून, म्हणजे विन्डोजच्या सेटिंगच्या साठ्यातून, जावी लागते.

आणि हे दोन्ही नसेल, पण तुमच्या खात्यातून तुम्ही न पाठवलेले मेसेज जात असतील, मेलमध्ये अनोळखी ठिकाणचे लॉगिन दिसत असतील, अँटिव्हायरस आपोआप बंद पडत असेल, तर पुढचं सगळं वाचा. त्याआधी नेट काढा. वायर उपसा किंवा वायफाय बंद करा. आणि त्या कम्प्युटरवरून पासवर्ड बदलायला बसू नका. लोक घाबरून आधी तेच करतात, म्हणजे जुन्या पासवर्डसोबत नवाही आयता हातात देतात.

तो आत येतो ते आपण दार उघडतो म्हणून

स्पायवेअर म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी अंधारात बसून आपल्यावर नेम धरतोय. २०२१ च्या जुलैत पेगॅससची बातमी गाजली तेव्हापासून दर दोन महिन्यांनी कुणीतरी फोन घेऊन येतं आणि आवाज खाली करून विचारतं, "यात पेगॅसस आहे का बघ." एनएसओ या इस्रायली कंपनीचं ते हत्यार, सरकारांना विकलं जाणारं, आणि कुठंही क्लिक न करता फोनमध्ये शिरू शकणारं. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधून सुमारे १,४०० जणांना त्यानं लक्ष्य केलं, असं व्हॉट्सअ‍ॅपनंच कोर्टात सांगितलं. आमच्या बार्देस तालुक्यातल्या भुसारी दुकानदारावर ते कुणी वाया घालवणार नाही. तुमच्याआमच्याकडे येतो तो किरकोळ बाजारातला माल. महिन्याच्या भाड्यानं मिळतो, आणि भाड्यानं घेणाऱ्याला तुमचं नाव-गाव ठाऊकही नसतं.

हा माल म्हणजे मुख्यतः 'इन्फोस्टीलर', माहिती चोरून पाठवणारा प्रोग्राम. त्यातला लुमा हा एक. मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ मध्ये त्याच्यावर कारवाई केली, तेव्हा आधीच्या दोनच महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विन्डोज कम्प्युटरांत तो सापडल्याचं सांगितलं. तो आला की काही सेकंदांत काम उरकतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती, कुकीज, डेस्कटॉपवरच्या फाइल्स, वाटेत एक स्क्रीनशॉट, सगळं एका गाठोड्यात बांधून पाठवतो. काही स्टीलर काम झाल्यावर स्वतःला पुसूनही टाकतात. म्हणून 'आता स्कॅनमध्ये काही नाही' याचा अर्थ 'काही गेलं नाही' असा होत नाही.

ब्राउझर पासवर्ड कुलपात ठेवतो हे खरं. पण त्या कुलपाची किल्ली विन्डोज तुमच्या लॉगिनला बांधून ठेवतं. तुमच्या लॉगिनखाली चालणारा प्रोग्राम विन्डोजला म्हणतो, मी यांचाच माणूस, उघड. आणि विन्डोज उघडतं. जुलै २०२४ मध्ये क्रोमनं हे कुलूप कुकीजसाठी आणखी घट्ट केलं, त्यावरही काही महिन्यांत पळवाटा निघाल्या.

आता मास्तरांचा प्रश्न, पासवर्ड न कळता खातं कसं उघडलं. जत्रेतल्या नाटकाला दारावर एकदा तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात. मग चहा प्यायला बाहेर जाऊन परत आलात तर तिकीट कुणी विचारत नाही, शिक्का बघतात. तुम्ही एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलात की साइट तुमच्या ब्राउझरमध्ये असाच एक शिक्का ठेवते. ती सेशन कुकी. स्टीलर तो शिक्काच उचलून नेतो. दूर कुठंतरी दुसऱ्या ब्राउझरमध्ये तो उमटवला की साइटला वाटतं, मास्तरच आलेत. ओटीपी मास्तरांच्या मोबाईलवर येतच नाही, कारण कुणी मागतच नाही.

मास्तरांच्या इथं वाट मिळाली ती मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या क्रॅकमधून, म्हणजे परवाना नसताना ते चालू करून देणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून. दोन वर्षांपूर्वी एका पोरानं घरी येऊन विन्डोज आणि ऑफिस 'टाकून' दिलं होतं, पंधराशे रुपयांत.

"म्हणजे चोरीचं? मी पैसे मोजले होते त्याला!" मास्तर दुखावले.

असे फुकट अ‍ॅक्टिव्हेटर चालवताना पहिली सूचना असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. मांजराला सांगायचं उंदराकडे पाठ कर, असला प्रकार. २०२१ च्या डिसेंबरात रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं दाखवलं होतं की केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावानं फिरणाऱ्या सेटअपमधून क्रिप्टबॉट हा स्टीलर येतो. अ‍ॅक्टिव्हेटर आपलं काम चोख करतो, ऑफिस चालू होतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

गेस्ट हाउसवाल्यांनी आणखी एक वाट नीट बघून ठेवावी. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हॉटेल व्यवसायाला लक्ष्य करणाऱ्या मेलांबद्दल सावध केलं होतं, दक्षिण आशियाही त्यात होता. मेल एका मोठ्या बुकिंग साइटच्या नावानं येतो: पाहुण्यानं तक्रार केलीय, उत्तर द्या. लिंक उघडली की 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा'. मग तीन पायऱ्या: विन्डोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, कंट्रोल व्ही दाबा, एंटर दाबा. त्या पानानं तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं रन करता. फाइल डाउनलोड झाली नाही, त्यामुळं अँटिव्हायरसलाही पकडायला फारसं काही हाती लागत नाही. खरा कॅप्चा फार तर चित्रांतल्या बस मोजायला लावेल. रनची चौकट उघडायला लावणारा कॅप्चा खोटा, मग तो कुणाच्याही नावानं येवो.

परत येतो तो इथून

तिसऱ्यांदा मी नेट न जोडता कम्प्युटर चालू केला आणि स्कॅनला हातही न लावता विन्डोज सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये गेलो. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी तळाशी एक्स्क्लुजन्स. इथं ज्या जागांची नावं असतात त्या डिफेंडर, म्हणजे विन्डोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तपासत नाही.

तिथं एकच ओळ होती. सी ड्राइव्ह. आख्खा.

पहिल्या खेपेला मी तासभर स्कॅन चालवला होता, हिरवी टिक बघितली होती आणि तीनशे रुपये घेतले होते. डिफेंडरनं खोटं काही सांगितलं नव्हतं. जे बघू नकोस म्हणून सांगितलं होतं ते त्यानं बघितलं नव्हतं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते मी केलं होतं.

मग टास्क शेड्युलर उघडलं, ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवायची विन्डोजची सोय. डावीकडच्या लायब्ररीत ग्राफिक्स कार्डाच्या अपडेटसारखं नाव असलेलं एक टास्क. मास्तरांच्या कम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. ट्रिगर दोन: लॉगिन झाल्यावर, आणि त्यानंतर दर अर्ध्या तासानं. अ‍ॅक्शनमध्ये पॉवरशेल (विन्डोजला लेखी कमांड द्यायचा प्रोग्राम), खिडकी लपवून चालवायची सूचना, आणि पुढं तीन-चार ओळी भरतील एवढी अक्षरांची निरर्थक माळ. ती माळ म्हणजे कमांडच, वाचता येऊ नये म्हणून गुंडाळलेली. तिचं काम एवढंच: नेटवरून ताजी फाइल आणायची आणि चालवायची. म्हणजे मी फाइल उडवली तरी अर्ध्या तासात दुसरी हजर.

पण फॉरमॅट मारल्यावर हे टास्क उरलं कसं? उरलं नव्हतं. नव्यानं बसलं होतं. फॉरमॅट मी फक्त सी ड्राइव्हचा मारला होता. डी ड्राइव्हवर 'सॉफ्टवेअर' नावाचा फोल्डर तसाच होता, मास्तरांना ऑफिस लगेच हवं होतं, आणि त्या फोल्डरातल्या सेटअपवर डबल क्लिक मी केलं. या धंद्यात हे सर्रास चालतं. मीही चालवलं. ती घाण मीच सी ड्राइव्हवर परत आणली.

दुसरा रस्ता क्रोमच्या सिंकचा. मास्तरांच्या खात्यात पीडीएफ बनवणारं एक एक्स्टेन्शन होतं, सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची परवानगी घेतलेलं. नव्या विन्डोजवर क्रोम टाकलं, मास्तरांनी लॉगिन केलं, आणि बुकमार्कांबरोबर तेही येऊन बसलं. एक्स्टेन्शन सुरुवातीला चांगलं असून पुढं बिघडतं असंही होतं. द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं.

तिसरा रस्ता पेन ड्राइव्ह. मास्तर पाहुण्यांचे फॉर्म प्रिंट करायला झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह नेतात. मी तो माझ्या लिनक्सच्या जुन्या लॅपटॉपला लावला. विन्डोजवर मास्तरांना 'पाहुणे' फोल्डर दिसायचा, तो फोल्डर नव्हताच, शॉर्टकट होता. खरा फोल्डर लपवलेला. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी एक छोटी स्क्रिप्ट चालायची आणि मग खरा फोल्डर उघडायचा, त्यामुळं काही बिघडलंय असं वाटायचंच नाही. ही युक्ती फार जुनी आहे, पण जिथं दिवसाला शंभर पेन ड्राइव्ह एकाच कम्प्युटरला लागतात तिथं ती मरत नाही. ओळखायची खूण: फोल्डरच्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण.

राउटरमधूनही परत येतं, पण क्वचित. घरातल्या सगळ्या उपकरणांवर, मोबाईलवरही, तीच भलती पानं उघडत असतील तर राउटरचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं सेटिंग) तपासा, राउटर रीसेट करा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला.

काढायचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे म्हणून क्रमानं लिहितो, नाहीतर माझ्यासारखे तीन हेलपाटे होतील.

नेट बंद ठेवून आधी एक्स्क्लुजन्स रिकामे करा. डिफेंडरचं टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे का बघा, नसेल तर करा. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधला ऑटोरन्स हा फुकट प्रोग्राम दुसऱ्या कम्प्युटरवरून आणून चालवा. विन्डोजबरोबर आपोआप सुरू होणारं जवळजवळ सगळं तो एका यादीत दाखवतो: स्टार्टअप, रजिस्ट्रीतल्या रन की, शेड्युल टास्क, सर्व्हिसेस, डब्ल्यूएमआय. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आटोक्यात येते. नजर ठेवायची ती अ‍ॅपडेटा किंवा टेम्प फोल्डरातून चालणाऱ्या गोष्टींवर, आणि पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए यांच्या पुढं लांब शेपूट असलेल्या ओळींवर. खात्री नसेल तर डिलीट न करता आधी टिक काढा.

ऑटोरन्सबद्दल थोडं विषयांतर. तो मार्क रुसिनोविच यांनी घडवलेल्या हत्यारांपैकी. यांनीच ३१ ऑक्टोबर २००५ ला जगाला सांगितलं की सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडी कम्प्युटरमध्ये चोरून एक रूटकिट, म्हणजे विन्डोजच्या नजरेआड लपून राहणारा प्रोग्राम, बसवतात. ठराविक अक्षरांनी नाव सुरू होणारी प्रत्येक फाइल ते विन्डोजपासून लपवायचं. गाणी कॉपी होऊ नयेत म्हणून. त्यानंतर सोनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. सांगायचं कारण, रूटकिट असेल तर चालू विन्डोजला 'काय दिसतंय' विचारण्यात अर्थ नसतो, त्याचे डोळेच बांधलेले असतात. म्हणून पुढची पायरी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. स्कॅन ऑप्शन्समध्ये मिळतो, कम्प्युटर रीस्टार्ट होऊन विन्डोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल तर इथं थांबलं तरी चालतं. पण खात्याचा गैरवापर झाला असेल तर मी थांबत नाही. तिथं एकच औषध: दुसऱ्या, स्वच्छ कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बूटेबल पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून सुरुवात करा, आणि डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवा. डी सकट. 'कीप माय फाइल्स' या पर्यायाला भुलू नका.

त्याआधी डेटा काढताना फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्या. डॉट ईएक्सई, डॉट एससीआर, डॉट व्हीबीएस, डॉट एलएनके असल्या शेपटीच्या फाइल्स आणि 'सॉफ्टवेअर' नावाचे फोल्डर मागं ठेवा. शेपटी दिसतच नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. पीडीएफचं चित्र लावलेला ईएक्सई मग लगेच उघडा पडतो.

मास्तरांच्या मशीनवर विन्डोज १० होतं. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. मशीन चालणारं होतं म्हणून विन्डोज ११ टाकलं, परवान्यासकट. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस. मास्तरांनी पहिल्यांदा नाक मुरडलं, मग त्यात युनिकोड मराठी नीट चालतंय म्हटल्यावर मान डोलावली. रोजच्या वापराला साधं अकाउंट केलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा. नातवाला गेम टाकायचा असेल तर आजोबांना उठवावं लागतं, ही सोय मास्तरांना सगळ्यात आवडली.

क्रोममध्ये लॉगिन करायच्या आधी गूगल खात्यातल्या सिंकच्या पानावर जाऊन साठवलेला क्रोम डेटा डिलीट केला. बुकमार्क आधी वेगळे काढून ठेवले होते. पेन ड्राइव्ह लिनक्सवर फॉरमॅट केला. तसा लॅपटॉप हाताशी नसेल तर विन्डोजवर ऑटोप्ले बंद करा, आतलं काही न उघडता सरळ फॉरमॅट करा.

पासवर्ड सगळ्यात शेवटी, आणि नुसता पासवर्ड नव्हे

आता कम्प्युटर स्वच्छ आहे, किंवा तुमचा मोबाईल स्वच्छ आहे, तिथून सुरू करा. पहिला ईमेल, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथं येतात. पासवर्ड बदलल्यावर 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करायचं विसरू नका. हातावरचा शिक्का पुसला जातो तो इथं. नुसता पासवर्ड बदलून काही साइटवर जुना शिक्का तसाच चालतो.

मग मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. मास्तरांच्या मेलमध्ये एक फिल्टर निघाला: बुकिंग साइटकडून आलेले मेल वाचलेले म्हणून मार्क करा आणि थेट आर्काइव्हमध्ये टाका. म्हणून 'नव्या ठिकाणाहून लॉगिन झालं' हे इशारे मास्तरांना कधी दिसलेच नाहीत. कम्प्युटर कितीही धुतला असता तरी हा फिल्टर तिथंच राहिला असता, तो कम्प्युटरमध्ये नव्हताच. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का, हेही बघा.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार. जितकं लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त. स्क्रीनशॉट मशीन पुसायच्या आधी काढून ठेवा. टास्क शेड्युलरचेसुद्धा. हे मी तिसऱ्या खेपेला केलं, दुसऱ्या खेपेला सगळा पुरावा माझ्याच हातानं पुसला होता.

पासपोर्टच्या स्कॅनचं काय, हा मास्तरांचा शेवटचा प्रश्न. गेले असतील, असं धरूनच चालायचं. पासवर्ड बदलता येतो, पाहुण्याचा पासपोर्ट आपल्याला बदलून देता येत नाही. मास्तरांनी त्या सीझनच्या प्रत्येक पाहुण्याला स्वतः मेल लिहिला, मोडक्या इंग्रजीत, काय झालं ते न लपवता. मी म्हटलं होतं, थोडं मोघम लिहा. त्यांनी ऐकलं नाही. आता फॉर्म भरून झाला की स्कॅन कम्प्युटरवर राहत नाही. ठेवावीच लागते ती नोंद पासवर्ड घातलेल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि डिस्क कपाटात.

एका गोष्टीला हे सगळं लागू नाही, ती वेगळी सांगतो. कम्प्युटरवर किंवा फोनवर पाळत ठेवणारा प्रोग्राम घरातल्याच कुणी बसवला असेल, तर वरचा क्रम वापरू नका. बायकोच्या फोनमध्ये 'तसलं काहीतरी' टाकून दे म्हणणारे माझ्याकडे येतात. मी परत पाठवतो. दुसऱ्याच्या उपकरणात त्याच्या परवानगीशिवाय असं काही टाकणं हा आयटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण ज्या बाईला असा संशय आहे तिनं तो प्रोग्राम घाईनं काढला तर समोरच्याला त्याच क्षणी कळतं, आणि घरात काय होईल ते सांगता येत नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोला, मग ठरवा.

मास्तर गेल्या शुक्रवारी बाजाराला आले होते, मिरच्या घेऊन दुकानात डोकावले. मशीन ठीक आहे. पेन ड्राइव्ह त्यांनी बंदच केलाय, प्रिंट काढायची फाइल मोबाईलवरून झेरॉक्सवाल्याला मेल करतात. फक्त तो आता मेल उघडायचे पाच रुपये जास्त घेतो, ते तेवढं तू त्याच्याशी बोल, म्हणाले.